नव्याण्णव टक्के उष्णता, एक टक्का गाणे

आपल्या घरातील फ्रिजवर, पंख्यावर आणि वातानुकूलन यंत्रावर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकित पट्टी चिकटवलेली असते. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने तर पिवळ्या बल्बचे युगच संपवत आणले. त्या बल्बला दिलेल्या विजेपैकी फार तर पाच टक्के वीज प्रकाशात उतरे आणि उरलेली उष्णता होऊन जाई. राष्ट्राने हा अपव्यय थांबवायचे ठरवले, आणि ते योग्यच झाले. याच घराच्या कोपऱ्यात मात्र त्या बल्बलाही लाजवील असे एक उधळे उपकरण निवांत बसलेले असते. ते म्हणजे आपला स्पीकर. सर्वसाधारण घरगुती स्पीकर विजेचा जेमतेम पाव ते एक टक्का भाग आवाजात बदलतो. काही नामांकित स्पीकर तर एका टक्क्याच्या पाचव्या भागापर्यंतही पोहोचत नाहीत. त्याच्यावर तारांकित पट्टी नाही आणि त्याविरुद्ध कोणाची तक्रारही नाही.

असे का, या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे आणि त्या इतिहासाचा एक मोठा भाग आपल्याकडे घडला आहे. मी झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये राहतो. येथून ग्वाल्हेर शंभर किलोमीटर. ज्या ग्वाल्हेरहून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली, त्या गायकीची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकणारी मराठी घरे या भागात आजही आहेत. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेला माणूस शेजारी राहतो म्हटल्यावर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : घरी गाणे ऐकण्यासाठी जास्त कार्यक्षमतेचा स्पीकर घ्यावा की कमी? विचारणाऱ्यांत दोन पंथ आढळतात. एकाचे म्हणणे, कार्यक्षम स्पीकरचा आवाज ‘जिवंत’ असतो. दुसऱ्याचे म्हणणे, अचूक आवाज हवा तर कार्यक्षमतेवर पाणी सोडावेच लागते. दोन्ही पंथ कार्यक्षमतेला गुण किंवा दोष मानतात. इतिहास मात्र तिला किंमत म्हणतो. ती कशाच्या बदल्यात मोजायची, हे त्या-त्या काळात काय महाग होते यावर ठरत आले आहे.

आधी अडचण समजून घेऊ. हवा फार हलकी आहे. एक घनमीटर हवेचे वस्तुमान जेमतेम १.२ किलो. स्पीकरचा कागदी शंकू, त्याला जोडलेली तांब्याची कॉइल आणि ती धरून ठेवणारी कड यांच्या तुलनेत समोरची हवा जवळजवळ नसल्यासारखीच. पाण्यात वल्हे मारले की पाणी विरोध करते, म्हणून नाव पुढे सरकते; तेच वल्हे हवेत फिरवले तर हात दुखेल, नाव हलणार नाही. स्पीकरचे बहुतेक श्रम असेच हवेत वल्हे मारण्यात जातात आणि कॉइलमध्ये उष्णता होऊन संपतात.

या अडचणीवरचा पहिला तोडगा म्हणजे कर्णा. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेडरिक गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्या खोलीत विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायिकेच्या आवाजाचीच ऊर्जा कर्ण्यातून एका पडद्यावर एकवटायची आणि त्या बळावर सुईने मेणात रेघ कोरायची. ऐकतानाही तेच : तबकडीच्या खाचेतून सुईला मिळणारे हेलकावे एवढीच काय ती ऊर्जा. ती दिवाणखान्यात पोहोचवायची तर एक कणही वाया घालवणे परवडणारे नव्हते. अरुंद तोंडाने सुरू होऊन हळूहळू रुंदावणारा कर्णा छोट्या पडद्याचा जोरकस दाब मोठ्या तोंडाशी हवेच्या मोकळ्या हालचालीत बदलतो. विद्युत रोहित्र वीज जशी एका दाबावरून दुसऱ्या दाबावर आणते, तसेच काम तो ध्वनीच्या बाबतीत करतो. १९१९ मध्ये आर्थर गॉर्डन वेबस्टर या अमेरिकी पदार्थवैज्ञानिकाने या क्रियेचे गणित मांडले आणि कर्णा हा अंदाजाचा विषय राहिला नाही.

त्या गणिताने एक कठोर अटही समोर ठेवली. कर्ण्याला खालचा स्वर नीट उचलायचा असेल, तर त्याच्या तोंडाचा परीघ त्या स्वराच्या तरंगलांबीएवढा असावा लागतो. ५० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी जवळपास सात मीटर. म्हणजे तोंडाचा व्यास सव्वादोन मीटर! ग्रामोफोनचा कर्णा याच्या पासंगालाही पुरत नव्हता, म्हणून त्या तबकड्यांत तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नाही आणि डग्ग्याची केवळ चाहूल लागते. त्या काळात कार्यक्षमता मिळाली होती. तिची किंमत खर्जाने मोजली होती.

१९२५ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कर्ण्याविना चालणाऱ्या स्पीकरचा निबंध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या फटीत हलणारी कॉइल, तिला जोडलेला कागदी शंकू आणि सोबत वीज पुरवणारा वर्धक. आज आपल्या घरात जो स्पीकर आहे, तो मूलतः हाच. राइस-केलॉग यांनी कर्णा टाकला आणि त्याबरोबर कार्यक्षमताही टाकली. बदल्यात त्यांना घरात मावणारा आकार आणि बराचसा खर्ज मिळाला. हे शक्य झाले, कारण आता ऊर्जा सुईकडून नव्हे, व्हॉल्व्हच्या वर्धकाकडून येत होती.

पण व्हॉल्व्हचा वॅट महाग होता. म्हणून जिथे हजारोंना ऐकवायचे, तिथे कर्णाच टिकला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट आणला. जगभरच्या बोलपटगृहांत त्या वेळी कर्ण्याचेच राज्य होते. बेल प्रयोगशाळेच्या वेंट आणि थुरास यांनी अशा कर्ण्यासाठी बनवलेल्या चालकाचे वर्णन १९२८ च्या निबंधात केले आहे, आणि त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘उच्च कार्यक्षमता’ हे शब्द आहेत. जी वीज साध्या शंकूतून एक टक्का आवाज देई, तीच चांगल्या कर्ण्यातून काही दशक टक्के आवाज देत असे. मोजके वॅट आख्ख्या सभागृहाला पुरत, ते याच बळावर. काँग्रेसच्या सभांतही हेच गणित होते. १९३० च्या दशकात नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने अधिवेशनांना ध्वनिक्षेपण व्यवस्था पुरवली. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर दिसणारी ‘शिकागो’ ही अक्षरे त्याच व्यवस्थेची खूण. मोकळ्या मैदानात भाषणातला खर्ज कोणाला हवा असतो? शब्द कळले की पुरे. तिथे कर्ण्याची मर्यादा आड येत नव्हती आणि त्याची काटकसर मात्र पुरेपूर उपयोगी पडत होती.

घरात वेगळी गोष्ट घडत होती. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राने देशातील संघटित नभोवाणीचा आरंभ केला. पुढे त्यातून ऑल इंडिया रेडिओ उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी, तसेच फिलिप्स आणि बुश हे संच मध्यमवर्गीय घरांत आले. अशा संचातला वर्धक साधारण दोन ते चार वॅटचा. तेवढ्यात घरभर आवाज जावा म्हणून स्पीकरचा शंकू हलक्या कागदाचा ठेवत आणि लाकडी पेटी मागून उघडी असे. तो संच बऱ्यापैकी कार्यक्षम असे, पण खोल खर्ज त्याच्या आवाक्याबाहेरचा. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रावरून आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. ती छप्पन गीते महाराष्ट्राने अशाच संचांवर ऐकली. एका संचाभोवती वाड्यातली चार बिऱ्हाडे बसत आणि कोणाला काही उणे वाटले नाही. सुगम संगीताचे प्राण शब्दांत आणि कंठात असतात. ते त्या दोन-चार वॅटांत व्यवस्थित मावत होते.

नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेत वाटा फुटल्या. १९४६ मध्ये पॉल क्लिप्श यांनी आपला कोपऱ्यातला कर्णा बाजारात आणला. कर्णा घडीसारखा दुमडून त्यांनी तो खोलीच्या कोपऱ्यात बसवला आणि दोन भिंती व जमीन यांनाच त्याचे तोंड बनवले. कार्यक्षमता प्रचंड, खर्जही मिळाला, पण पेटी कपाटाएवढी आणि मोकळे कोपरे असलेली खोली अनिवार्य. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी अगदी उलट टोक गाठले. त्यांनी शंकूची कड सैल केली, पेटी हवाबंद केली आणि आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले. पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून त्यांनी असा खर्ज काढला की जाणकार थक्क झाले. किंमत? कार्यक्षमता. तीच व्हिल्चर यांनी जाणूनबुजून खर्ची घातली, कारण वर्धकाचा वॅट स्वस्त होत चालला होता आणि शहरातली जागा महाग. ट्रान्झिस्टर आल्यावर तर हा सौदा आणखीच फायद्याचा ठरला. १९७० च्या दशकात बीबीसीने आपल्या ध्वनिक्षेपण गाड्यांसाठी बनवलेला एलएस३/५ए हा चिमुकला स्पीकर याच वाटेवरचा. त्याची संवेदनशीलता सुमारे ८२-८३ डेसिबल, म्हणजे कार्यक्षमता एका टक्क्याच्या दशांशाच्या आसपास. तरीही मानवी आवाजाच्या खरेपणासाठी त्याचे नाव आजही घेतले जाते.

या देवघेवीचा नियम व्हिल्चर यांचे पूर्वीचे सहकारी हेन्री क्लॉस यांच्या केएलएच कंपनीत स्पष्ट झाला. नावातला ‘एच’ म्हणजे अँटन हॉफमन, प्रख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे पुत्र. त्यांचा नियम ‘हॉफमनचा लोखंडी नियम’ म्हणून ओळखला जातो : लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च कार्यक्षमता या तिहींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी घ्या, तिसरी सोडा. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये याला काटेकोर गणिताचे रूप दिले. कार्यक्षमता पेटीच्या घनफळाच्या प्रमाणात वाढते, आणि स्पीकर जिथपर्यंत खाली उतरतो त्या वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पेटी निम्मी केली तर कार्यक्षमता निम्मी. पण खर्ज एक सप्तक खाली नेला तर कार्यक्षमता एक अष्टमांश!

आकडे घालून पाहू. स्मॉल यांच्या सूत्रानुसार २० लिटरच्या हवाबंद पेटीतून ४० हर्ट्झपर्यंत उतरायचे असेल, तर जास्तीत जास्त पाव टक्का कार्यक्षमता मिळते. बाजारातल्या भाषेत एक वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल. त्याच खोलीपर्यंत उतरून ९७ डेसिबल हवे असतील, तर पेटी किमान २३० लिटरची लागते, म्हणजे मध्यम आकाराच्या फ्रिजएवढी. जाहिरातीत कोणी चिमुकल्या पेटीतून खोल खर्ज आणि उच्च संवेदनशीलता एकत्र देऊ करत असेल, तर त्या तिन्हींपैकी एक आकडा खोटा आहे, एवढे तुम्ही स्पीकर न ऐकताही सांगू शकता.

खोट्या आकड्यांची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. टेपरेकॉर्डरच्या काळात हातात मावणाऱ्या संचावर ‘हजारो वॅट पीएमपीओ’ अशी सोनेरी चिठ्ठी असायची. या मापाला कोणतीही प्रमाणित व्याख्या नव्हती. पण त्या चिठ्ठीने एक समजूत रुजवली, की जास्त वॅट म्हणजे चांगला आवाज. आजही संवेदनशीलतेचा आकडा २.८३ व्होल्टला दिलेला असतो. आठ ओहमच्या स्पीकरला त्याचा अर्थ एक वॅट होतो, चार ओहमच्या स्पीकरला दोन वॅट. दुसऱ्याचा आकडा त्यामुळे तीन डेसिबलने फुगलेला दिसतो. तुलना करताना तेवढे वजा करावे.

आता घरात खरोखर किती लागते? तीन मीटरवर बसून सरासरी ७५ डेसिबलने ऐकायचे असेल, तर साधारण खोलीत ८६ डेसिबलच्या स्पीकरला सुमारे पाव वॅट पुरतो. त्यातून निघणारा प्रत्यक्ष ध्वनी एका मिलिवॅटहूनही कमी! आपला कान इतका तीक्ष्ण आहे, म्हणूनच नव्याण्णव टक्के अपव्यय कोणाच्या वीजबिलात दिसत नाही आणि स्पीकरला तारांकित पट्टीची गरज पडत नाही. तबल्याची थाप सरासरीहून वीस डेसिबल वर उसळली, तर तेवढ्या क्षणापुरते २५ वॅट लागतात. ९७ डेसिबलच्या स्पीकरला त्याच थापेसाठी दोनच वॅट पुरतात. जुन्या मर्फीतले तेच दोन वॅट. आज २५ प्रामाणिक वॅटचा वर्धक दुर्मीळ किंवा महाग राहिलेला नाही. १९३१ मध्ये जो युक्तिवाद कर्ण्याच्या बाजूने निर्णायक होता, तो घरापुरता आता उरलेला नाही.

कार्यक्षमतेच्या बाजूचा दुसरा युक्तिवाद उष्णतेचा. वाया जाणारी वीज कॉइल तापवते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल शंभर अंशांनी तापली, तर आवाज जवळपास तीन डेसिबलने दबतो आणि उसळणारी थाप बोथट होते. हे खरे आहे. पण सिनेमागृहात आणि मांडवात. सरासरी पाव वॅटवर चालणाऱ्या घरच्या कॉइलला घाम फुटत नाही. उलट अतिकार्यक्षम स्पीकर वर्धकाची बारीक सुरसुर आणि गुणगुणही तितक्याच इमानाने मोठी करतो. रात्रीच्या शांततेत विलंबित ऐकताना ती जाणवते.

मग आपल्या संगीताला काय हवे? इथे सी. व्ही. रामन यांची आठवण होते. २८ फेब्रुवारीला आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो तो त्यांच्या प्रकाशाच्या संशोधनासाठी, परंतु त्याआधी ते ध्वनीत रमले होते. मृदंग-तबल्याच्या शाईमुळे पुडीचे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी कसे होतात, हे त्यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी त्यांनी तंबोरा आणि वीणा यांवर लिहिले : तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू असतो, तेही जवारीमुळे ऐकू येतात. तंबोऱ्याचे वैभव त्याच्या उपस्वरांत आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तारही ६९ हर्ट्झच्या खाली जात नाही. ख्याल ऐकणाऱ्याला ४० हर्ट्झची ओढ धरण्याचे कारणच नाही. तीच २० लिटरची पेटी ६५ हर्ट्झवर थांबवली, तर लोखंडी नियम पाव टक्क्याऐवजी एक टक्का कार्यक्षमता बहाल करतो, म्हणजे ९२ डेसिबल. २५ वॅटची थाप सहा वॅटवर येते. बॅलेचा ढोल किंवा आजच्या चित्रपटसंगीतातला यांत्रिक खर्ज हवा असणाऱ्याने मात्र हा सौदा करू नये.

राहिली खोली. सिव्हिल लाइन्समधले जुने बंगले उन्हाळ्यासाठी बांधलेले : जाड भिंती, साडेचार मीटर उंच छत, फरशीची जमीन. सहा बाय पाच मीटरच्या अशा खोलीचे घनफळ १३५ घनमीटर होते, आणि तिथे टाळी वाजवली तर ती सेकंदाहून अधिक घुमते. अशा ठिकाणी सर्व दिशांना सारखा पसरणाऱ्या स्पीकरपासून साधारण साठ सेंटिमीटरच्या पुढे गेलात, की थेट स्वरापेक्षा भिंतींवरून आलेला स्वरच जास्त ऐकू येतो. आठपट एकवटून समोर फेकणाऱ्या कर्ण्यासाठी हे अंतर पावणेदोन मीटरपर्यंत जाते. जुन्या उंच खोल्यांत कर्णा स्पष्ट वाटतो, तो यामुळे. त्याचे श्रेय कार्यक्षमतेचे नसून दिशेचे आहे. आणि तोच परिणाम स्वस्तात साधता येतो. १८९५ मध्ये वॉलेस सबाइन यांनी हार्वर्डमधील घुमणारे सभागृह खुर्च्यांच्या उशांनी मोजले. आपल्या बैठकीतली सतरंजी, गाद्या, लोड आणि पुस्तकांची कपाटे तेच काम करतात. मुंबई-पुण्याच्या ३८ घनमीटरच्या दिवाणखान्यात, जिथे श्रोता दोन मीटरवर बसतो, हा प्रश्न निम्माच राहतो आणि कमी कार्यक्षमतेची छोटी पेटी सुखाने गाते.

एका बाबतीत मात्र जपायला हवे. कार्यक्षम स्पीकर मोठा आवाज सहज काढतो आणि त्या सहजतेची चटक लागते. प्रौढांच्या कानांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित मर्यादा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही सीमा आहे. मैदानातल्या श्रोत्यांपर्यंत पोहोचण्यासाठी घडलेला कर्णा आज गल्लीतल्या मिरवणुकीत वीस फुटांवर वाजतो, तेव्हा त्याची कार्यक्षमता थेट कानाच्या पेशींवर कोसळते. त्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

म्हणून शेजाऱ्यांना माझे उत्तर असे असते. आधी खोली मोजा, मग बसण्याचे अंतर मोजा, मग आपल्या आवडीचे संगीत किती खाली उतरते ते पाहा आणि पेटीला किती जागा देता येईल ते घरात विचारून घ्या. चारही उत्तरे मिळाली, की कार्यक्षमता किती हवी हे लोखंडी नियमच सांगतो. निवडण्यासारखे फारसे उरत नाही. बंगल्यात तंबोरा ऐकणाऱ्याला ९० च्या पुढचा आकडा मानवतो, फ्लॅटमध्ये वाद्यवृंद ऐकणाऱ्याला ८५ पुरतो. दोघांपैकी कोणाचाही स्पीकर दुसऱ्याच्या स्पीकरपेक्षा अधिक शास्त्रीय नसतो.

(हा लेख उपयुक्त वाटल्यास स्पीकर घ्यायला निघालेल्या मित्रापर्यंत अवश्य पोहोचवा.)